सॅल्व्हेज टायटलची बोट आणि ट्रेलर

वादळ, अपघात, आग किंवा चोरीनंतर विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ ठरवलेली आणि कागदावर ‘सॅल्व्हेज’ असा शेरा घेऊन पुन्हा विक्रीला आलेली बोट व तिचा ट्रेलर. हा व्यवहार मुख्यतः अमेरिकेतला. आपल्याकडे गाडीचे सगळे आरसीवर भागते. तिथे नोंदणी वेगळी आणि मालकीचा दाखला, म्हणजे टायटल, वेगळा. दोन्ही राज्य सरकार देते. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या मानाने फार होतोय असे दिसले की विमा कंपनी मालकाला भरपाई देते, बोट ताब्यात घेते आणि कोपार्टसारख्या लिलाव कंपनीमार्फत विकून जमेल तेवढे वसूल करते. पुढे कोणी ती दुरुस्त करून तपासून घेतली, तर बऱ्याच ठिकाणी शेरा बदलून ‘रीबिल्ट’ होतो. पूर्णपणे पुसला मात्र जात नाही.

निदान मोटारींच्या बाबतीत तरी असे. १९९२च्या वाहनचोरीविरोधी कायद्यातून मोटारींसाठी देशव्यापी टायटल माहिती यंत्रणा उभी राहिली, त्यामुळे एका राज्यातला शेरा दुसऱ्या राज्यात जाऊन धुऊन काढणे अवघड झाले. बोटी या यंत्रणेबाहेरच राहिल्या. काही राज्ये तर बोटीला टायटल देतच नाहीत, नुसता नोंदणी क्रमांक देतात. ही पोकळी भरण्यासाठी २०११ मध्ये एक नमुना कायदा तयार झाला. टक्कर, वीज, आग, स्फोट, उथळावर आदळणे किंवा बुडणे यांमुळे बोटीच्या मूळ कवचाला, म्हणजे हलला, धोका पोचला असेल तर टायटलवर ‘हल डॅमेज्ड’ असे लिहिण्याची त्यात तरतूद आहे. व्हर्जिनियाने तो प्रथम स्वीकारला; फ्लोरिडात तो जुलै २०२३ पासून लागू आहे. बाकी बरीच राज्ये अजून बाहेरच आहेत. म्हणून कोऱ्या टायटलवर फार विसंबू नये, आणि शेरा दिसला म्हणून लगेच पळूही नये. बोट टोटल लॉस का ठरली, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर टायटलवर सहसा नसते.

आणखी एक घोळ म्हणजे एका सौद्यात वस्तू तीन असतात: बोट, आउटबोर्ड म्हणजे मागच्या बाजूला बाहेरून बसवलेले इंजिन, आणि ट्रेलर. टेक्सासमध्ये बोटीचे आणि आउटबोर्डचे टायटल वेगवेगळे, दोन्ही उद्याने व वन्यजीव विभागाकडून. ट्रेलरचे मोटार वाहन विभागाकडून, तेही एकूण वजन ४,००० पौंडांच्या वर असेल तरच सक्तीचे. शेरा या तिघांपैकी एकाच कागदावर असू शकतो. कागद जुळवताना क्रमांक स्वतः वाचून घ्यावेत. ट्रेलरचा सतरा अंकाक्षरी क्रमांक चौकटीवरच्या पट्टीवर असतो. बोटीचा बारा अंकाक्षरी हल क्रमांक ट्रान्समवर, म्हणजे मागच्या आडव्या भिंतीवर, उजवीकडे वरच्या बाजूला कोरलेला असतो. नोव्हेंबर १९७२ पासून तो बंधनकारक आहे, आणि १९८४ नंतरच्या बोटींवर तोच क्रमांक आत कुठेतरी लपवून दुसऱ्यांदाही दिलेला असतो. शेवटची चार चिन्हे ‘जी ३ ०४’ असतील, तर बोट जुलै २००३ची, मॉडेल २००४चे. विक्रेता २००८ सांगत असेल तर बोलणे तिथेच थांबवावे. खाडाखोड असेल तर तेवढेही बोलू नये.

अशा बोटी बाजारात लाटेने येतात, आणि लाट बहुधा चक्रीवादळामागून येते. बोटमालकांच्या ‘बोटयूएस’ या संस्थेच्या अंदाजाने २०१२च्या सँडीत सुमारे ६५,००० खासगी बोटींचे नुकसान झाले. २०१७ मध्ये हार्वे आणि इर्मा मिळून ६३,००० हून अधिक बोटींचे. त्यांतली ट्रेलरवर उभी असताना कलंडून नुसती ओरखडलेली बोट आणि गोदीत दोन दिवस बुडून राहिलेली बोट लिलावाच्या फोटोत सारखीच दिसू शकतात. खाऱ्या पाण्यात बुडालेले इंजिन वर काढल्यावर काही तासांत गोड्या पाण्याने धुऊन, तेल बदलून चालवले तर वाचते. लिलावाच्या आवारात कित्येक आठवडे उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या नशिबी हे नसते, तेव्हा त्याची किंमत शून्य धरूनच बोली लावावी. वायरिंगचेही तेच, तांब्याच्या तारा वेष्टणाच्या आतून काळ्या पडत जातात आणि बिघाड सहा महिन्यांनी उगवतो. याउलट चोरीला जाऊन इंजिनाविना सापडलेली बोट चांगला सौदा ठरू शकतो, कारण तिचे काय गेले ते डोळ्यांना दिसते.

फायबरग्लासच्या हलमध्ये खरी भीती आतल्या लाकडाची असते. जुन्या बोटींच्या ट्रान्सममध्ये प्लायवुड असते. जाणता सर्व्हेअर प्लास्टिकच्या हातोडीने इंच इंच ठोकत जातो. टणक आवाज एकदम बद्द झाला की तिथे ओल किंवा सुटलेला थर आहे असे समजतो. आउटबोर्डचा खालचा भाग धरून वरखाली जोर दिल्यावर ट्रान्सम हलत असेल तर वेगळ्या तपासणीची गरज नाही. लहान बोटी बुडू नयेत म्हणून तळाच्या पोकळीत फोम भरलेला असतो. तो पाणी पिऊन बसला की बोट शेकडो किलोंनी जड होते, म्हणून ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

ट्रेलरकडे सहसा कोणी नीट पाहत नाही. चौकोनी नळीची चौकट आतून गंजते, वरचा रंग शाबूत असतो. टायर एकाच कडेने झिजला असेल तर आस वाकलेला असण्याचा संभव मोठा. टायरवरचा ‘२३१९’ हा आकडा २०१९च्या तेविसाव्या आठवड्याचा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वाळून फुटतात, तेही महामार्गावर.

विम्याची चौकशी बोलीआधी करावी. रीबिल्ट बोटीला काही कंपन्या फक्त तृतीय पक्षाचे संरक्षण देतात, काही दारातूनच परत पाठवतात. आणि विमा नसेल तर अनेक मरीना, म्हणजे बोटी लावण्याचे धक्के, बोट लावू देत नाहीत. कर्जही क्वचितच मिळते. बोट दुरुस्त करणाऱ्या यार्डाची थकलेली बिले मालक बदलला तरी बोटीला चिकटून राहू शकतात, हा सागरी कायद्यातला जुना नियम खरेदीदाराला फार उशिरा कळतो. कित्येक जाणकार असा लॉट केवळ ट्रेलरसाठी घेतात. तेव्हा हिशेबात हलच्या विल्हेवाटीचा खर्चही धरावा लागतो: फायबरग्लासला भंगारवाला घेत नाही, तो कापून कचराभूमीवर वजनाने पैसे भरून टाकावा लागतो.