नाणं उभं राहिलं म्हणजे मोटर ठणठणीत? नाही!

बुटीबोरी असो की हिंगणा एमआयडीसी, चालू मोटरवर रुपयाचं नाणं उभं करून "काही झालं नाही हिला" म्हणणारे फिटर मी बरेच पाहिलेत. त्यांच्या अनुभवाचा मान ठेवूनच सांगतो, ही परीक्षा अपुरी आहे. बेअरिंगच्या बाबतीत तर फसवी.

नाणं पडतं ते हालचाल मोठी असेल तेव्हा. चार पोलची मोटर मिनिटाला साधारण 1480 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 24.7. रोटरचा तोल गेला की हादरा याच वारंवारतेला येतो आणि हाताला कळतो. अलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि तिला जोडलेल्या यंत्राच्या शाफ्टची सरळ रेषा, चुकली तर बहुधा या वारंवारतेच्या दुपटीलाही उसळी दिसते.

बेअरिंगचं तसं नाही. रेसवर, म्हणजे गोळ्या ज्यावरून फिरतात त्या कड्यावर, बारीक खड्डा पडला की त्यावरून जाणारी प्रत्येक गोळी टिचकी मारते आणि हाउसिंग (बेअरिंगभोवतीचं कवच) हजारो हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा, झणझणतं. 3000 हर्ट्झला त्वरण 1 जी (गुरुत्वाकर्षणाइतकं) असलं, तरी हालचाल भरते जेमतेम 0.03 मायक्रॉन! नाणं कशानं पडणार? बोटांनाही 1000 हर्ट्झच्या पुढचं जवळपास जाणवत नाही. थरथर हाताला लागेपर्यंत बेअरिंग बरंच खराब झालेलं असतं. गरम लागतंय का, हे पाहावं तर नागपूरच्या मे महिन्यात बॉडी तशीही तापलेलीच.

म्हणून अ‍ॅक्सेलरोमीटर (कंपनाचं त्वरण मोजणारा सेन्सर) लावा. दर वेळी त्याच जागी, त्याच लोडवर, आणि रंगाचा पापुद्रा खरवडून. एका रीडिंगपेक्षा महिन्यागणिक चढत जाणारी रेघ जास्त सांगते.