पावसाळ्यात कॉफी सादळू नये म्हणून

मिरग लागला की आमच्या रत्नागिरीच्या दुकानात एकच तक्रार सुरू होते: "पावडरीचे गोळे झाले, वासही गेला." मागच्या पावसाळ्यात एक काकू काचेची बरणी घेऊन आल्या. उलटी केली तरी पावडर खाली येईना. चमच्याने ढेकूळ फोडलं, तर कॉफीपेक्षा सुकटीचा वास जास्त. बरणी कुठे ठेवली होती? "फ्रिजमध्येच की! चांगली राहावी म्हणून."

घोटाळा इथेच होतो. फ्रिजमधली पाण्याची बाटली ओट्यावर ठेवून बघा, थोड्या वेळात तिला बाहेरून घाम फुटतो. रोज सकाळी तुम्ही गार बरणी उघडता, तेव्हा आपल्याकडच्या दमट हवेतला तोच ओलावा पावडरीत शिरतो. झाकण लागतं, बरणी आत जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय कॉफी शेजारचे वास ओढून घेते. चिकोरी (भाजून दळलेलं एक मूळ) घातलेली पावडर तर आणखी लवकर सादळते.

म्हणून रोजच्या वापरातली कॉफी फ्रिजबाहेरच ठेवा. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, गॅसपासून लांब, बंद कपाटात. डबा कॉफीच्या मापाचा घ्या. मोठ्या डब्यात तळाशी चार चमचे उरले की वरची सगळी हवा त्यांच्यावर काम करते. आणि उकळत्या दुधाच्या वाफेवर डबा उघडू नका. चमचा कोरडा हवा, हे सांगायला नकोच.

आमच्या पुडीवरच्या बारीक छिद्रांना चिकटपट्टी लावू नका. तो व्हॉल्व्ह आहे. ताज्या भाजलेल्या बियांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. तो बाहेर जातो, हवा मात्र आत येत नाही.

काही जण विचारतात, मलबारची कॉफी तर मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर ठेवतात, मग? खरं आहे. मंगळूरकडच्या गोदामांत बिया पसरून ठेवतात, त्या फुगतात, पिवळसर होतात. पण त्या कच्च्या बिया. भाजल्यानंतर त्यांनाही ओलावा सोसत नाही.

आधीच दळून का ठेवत नाही, दहा मिनिटं ताटकळावं लागतं, असं काहींचं म्हणणं असतं. दळलं की कॉफीला सगळीकडून हवा लागते आणि वास उडायला लागतो, म्हणून आम्ही तुमच्यासमोरच दळतो. एक किलो दळून मागितली तर अडीचशेच न्या, असं सांगतो. त्यात आमची विक्री कमी होते, पण रोज दोन कपांना साधारण 20 ग्रॅम धरले तर 250 ग्रॅम बारा दिवसांत संपते, आणि शेवटचा कपही चांगला लागतो. जास्त हवी असेल तर बिया न्या आणि घरी लागेल तेवढ्याच दळा. हाताने फिरवायचं ग्राइंडर दुकानात आहे, स्वतः फिरवून बघा.

फ्रीझरमध्ये ठेवायचीच असेल तर लहान, हवाबंद पुड्या करा. एक पुडी एकदाच बाहेर काढायची, रात्रभर तशीच बंद ठेवायची आणि सकाळी फोडायची. परत आत ठेवायची नाही.

गणपतीत चाकरमानी आले की कप वाढतात. तेव्हा दोन दिवस आधी कळवा, तुमच्यापुरती ताजी भाजून ठेवू. घरचा डबा आणलात तर त्यातच भरून देतो, फक्त तो धुऊन पूर्ण वाळवलेला असू द्या.