रोल फॉर्मिंग: रोल आधी आले, पट्टी मागून

रोल फॉर्मिंगचा उगम सांगताना इंग्रज लोखंड-उत्पादक हेन्री कॉर्टचं नाव हमखास निघतं. खाचांच्या रोलचं पेटंट त्याने 1783 मध्ये घेतलं हे खरं, पण त्या रोलांमधून लालभडक लोखंड जायचं आणि दर फेरीला बारीक होत लांबायचं. ते लाटण झालं. रोल फॉर्मिंगमध्ये पत्रा थंडच असतो, जाडी जवळपास तेवढीच राहते. रोलांच्या एकामागोमाग जोड्यांमधून जाताना तो फक्त टप्प्याटप्प्याने वाकत जातो.

जवळचा पूर्वज म्हणजे पन्हळी पत्रा. लंडनच्या गोदीतल्या हेन्री पामरने 1829 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. 1837 मध्ये सोरेल या फ्रेंच अभियंत्याने लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडवायची रीत पेटंट केली, तेव्हा त्या छपरांना गंजापासून आडोसा मिळाला. तरीही काम सुट्या पत्र्यांचंच होतं.

घोडं अडलं होतं ते मालापाशी. दहा-बारा जोड्यांमधून सलग वाकवायचं तर शेकडो मीटर एकसारख्या जाडीची पट्टी हवी. अमेरिकेतल्या सलग हॉट स्ट्रिप मिलनी, म्हणजे तापलेलं पोलाद लाटून लांब पट्टी काढणाऱ्या गिरण्यांनी, ती 1920 च्या दशकात दिली. पुढच्या दशकात सेंजिमिर या पोलिश अभियंत्याच्या पद्धतीने कॉइलवर, म्हणजे गुंडाळलेल्या पट्टीवर, सलग जस्त चढू लागलं. 1939 पासून कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर यांनी पातळ पत्र्याच्या सेक्शनवर, म्हणजे ठरावीक आकारात वाकवलेल्या लांब तुकड्यांवर, संशोधन केलं. त्याच्या आधारे 1946 मध्ये अमेरिकन आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटची पहिली संहिता आली.

जोड्या इतक्या का लागतात, हे काठाकडे पाहिलं की उमगतं. 50 मिमीची बाजू आडवीची उभी करायची, तर काठ सुमारे 71 मिमी सरकतो. हे 1 मीटरच्या अंतरात उरकलं तर काठाला तळापेक्षा निदान 2.5 मिमी जास्त वाट चालावी लागते, म्हणजे 0.25 टक्के ताण. साधं पोलाद 0.12 टक्क्यांच्या आसपासच्या ताणालाच कायमचं लांबतं. मग तोच ताणलेला काठ पुढे लाटांसारखा उठतो, सेक्शन धनुष्यासारखा वाकतो. तेच काम 2 मीटरमध्ये केलं की ताण 0.06 टक्क्यांवर येतो आणि काठ पूर्ववत होतो. उंच बाजूच्या सेक्शनला रोलजोड्यांची लाइन लांब लागते ती यामुळे. रोलांतून सुटल्यावर कोन थोडा परत उघडतो ही वेगळी गोष्ट; त्यासाठी शेवटच्या पासला, म्हणजे शेवटच्या रोलजोडीला, 90 अंशांच्या पुढे दोन-तीन अंश जास्त वाकवतात, कडक पोलादाला त्याहून जास्त.