स्फोट आधी दिसतो, मग ऐकू येतो

14 एप्रिल 1944. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटलं. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा एकत्र भरलेला होता. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, आणखी मोठा स्फोट झाला. हादऱ्याची नोंद थेट शिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. दोनच वर्षांपूर्वी जपानी विमानांनी कोलंबो आणि विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले होते. त्यामुळे ‘जपानी आले’ असं मुंबईकरांना वाटलं, तर त्यात नवल काय?

जपानी आले नव्हते. जहाजात आग लागली होती, एवढंच. आणि गंमत म्हणजे ऐकताक्षणी थाप वाटावी अशी गोष्ट खरी होती: जहाजावरच्या सोन्याच्या विटा उडून दूरच्या वस्तीत जाऊन पडल्या होत्या. पटण्याजोगं ते खोटं आणि न पटणारं ते खरं! युद्धकाळात आपली फसगत होते ती इथेच. ‘पटतंय’ हाच आपण पुरावा मानतो.

त्यात सरकारी सेन्सॉर आडवा आला. स्फोटाची तपशीलवार बातमी दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगॉनने दिली. इथल्या वार्ताहरांना मात्र ती बाहेर पाठवायची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1947 साली अफवेचं एक साधं सूत्र मांडलं. अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले माहितीतली संदिग्धता. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य झालं की अफवा संपली. युद्धात महत्त्व कमी होणं शक्यच नसतं, जिवाचा प्रश्न असतो. कमी करता येते ती संदिग्धता; पण तिथेही सरकारचे हात काही अंशी बांधलेले असतात. 26/11 ला कमांडोंच्या हालचाली टीव्हीवर थेट दाखवल्या गेल्या आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार त्या पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या कसाब निकालात त्यावरून वाहिन्यांना खडे बोल सुनावले. तेव्हा थोडी गुप्तता हवीच. मात्र ती पोकळी कोणीतरी भरणार, हेही ठरलेलं.

कशाने भरणार? रॉबर्ट नॅप यांनी 1942 साली अमेरिकेतल्या हजारभर युद्ध-अफवा गोळा केल्या आणि त्यांचे तीन प्रकार पाडले: भीतीच्या, इच्छेच्या (जे व्हावंसं वाटतं ते झालंच, असं सांगणाऱ्या) आणि फूट पाडणाऱ्या. सर्वांत जास्त होत्या फूट पाडणाऱ्या, म्हणजे शत्रूविषयीच्या नव्हे, तर आपल्यातल्याच कुणाविषयी संशय पेरणाऱ्या. इच्छेच्या अफवा तेव्हा अगदी थोड्या सापडल्या. आपल्या काळात ते प्रमाण तसंच राहिलं असेल, असं मला वाटत नाही.

8 मे 2025 ची रात्र आठवा. ‘ऑपरेशन सिंदूर’ला जेमतेम दोन दिवस होत होते. भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याच्या ब्रेकिंग न्यूज सुरू झाल्या, आणि मुंबईतले सोसायट्यांचे ग्रुप जल्लोषाने भरून गेले. हे खोटं इतक्या सहज का खपलं? कारण 4 डिसेंबर 1971 च्या रात्री नौदलाने कराचीवर खरोखरच हल्ला केला होता. नौदल दिन त्याच तारखेला असतो, मुंबईच्या शाळकरी पोरालाही ते ठाऊक. जुन्या सत्याच्या पायावर नवं खोटं उभं राहिलं. कराचीचा म्हणून फिरलेला एक व्हिडिओ 31 जानेवारी 2025 च्या फिलाडेल्फियातल्या विमान अपघाताचा होता. त्याच दिवसांत भारतावरच्या क्षेपणास्त्र हल्ल्याचा म्हणून फिरलेला दुसरा व्हिडिओ बैरूतच्या 2020 मधल्या बंदर-स्फोटाचा निघाला.

अशा व्हिडिओकडे बघताना भौतिकशास्त्र कामाला येतं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. प्रकाश त्या मानाने लगेच पोहोचतो. नरिमन पॉइंटवर उभं राहून गिरगाव चौपाटीकडे पाहिलं, तर मधलं अंतर साधारण तीन किलोमीटर. तिथे स्फोट झालाच, तर लोळ दिसल्यावर मनात नऊपर्यंत आकडे मोजून होतील, तेव्हा कुठे धमाका कानावर येईल. व्हिडिओत दूर क्षितिजावर लोळ उठतो आणि त्याच क्षणी ‘धडाम’ होतं, तेव्हा तो आवाज मागाहून चिकटवलेला असण्याची शक्यता दाट. उलटं मात्र खरं मानू नका. आवाज उशिरा आला म्हणजे स्फोट खरा असू शकतो, पण तो कुठला आणि कधीचा, हे त्यावरून कळत नाही. बैरूतचा स्फोट खराच होता की!

दुसरी साक्षीदार सावली. मेच्या मध्यावर मुंबईत शून्य सावलीचा दिवस असतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. 9 मेच्या आसपास दुपारी बारा पस्तीसच्या सुमारास पाच-साडेपाच फुटी माणसाची सावली जेमतेम चार-पाच सेंटिमीटर पडते. ‘आत्ता भरदुपारी मुंबईत’ म्हणून आलेल्या चित्रात माणसांच्या सावल्या लांबलचक पडलेल्या दिसल्या, तर वेळ, महिना किंवा शहर, काहीतरी खोटं आहे. रस्ता दिसत असेल तर गाड्या कुठल्या बाजूने धावतात ते पाहावं. पाकिस्तानातही वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, अमेरिकेत उजवीकडून.

रात्रीचा, हलणारा, धूसर व्हिडिओ असेल तर आणखी एक शंका घ्यायला हवी. ‘आर्मा 3’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून इतकी फिरली, की ती बनवणाऱ्या झेक कंपनीने 2022 मध्ये स्वतःच खुलासा करून ओळखायच्या खुणा सांगितल्या. त्यातली मला आवडलेली खूण: गेममधल्या दृश्यांत हालती माणसं फारशी नसतात, कारण संगणकाला माणसाची चाल नीट जमत नाही.

डीपफेकबाबत, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या बनावट व्हिडिओबाबत, मात्र नजरेवर भिस्त ठेवू नये. 2025 च्या त्याच मे महिन्यात पाकिस्तानी लष्कराचे प्रवक्ते दोन विमानं गमावल्याची कबुली देतात, असा व्हिडिओ फिरला आणि काही माध्यमांनीही तो उचलला. ओठांकडे टक लावून बसण्यापेक्षा मूळ पत्रकार परिषद शोधणं सोपं होतं: चित्र जुनं, शब्द नवे. व्हिडिओ एखाद्या चौकटीवर थांबवून स्क्रीनशॉट घ्यावा आणि चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सला द्यावा. जुनं चित्र असेल तर बहुतेकदा मिनिटभरात सापडतं.

व्हॉट्सअॅपवर दुहेरी बाण दिसला, की तो मजकूर किमान पाच हातांतून फिरून आलेला असतो. म्हणजे ‘माझ्या मेहुण्याने नेव्हीतून सांगितलंय’ यातला मेहुणा पाठवणाऱ्या काकांचा नाही, कुणाचा तरी आहे, बहुधा कुणाचाच नाही. व्हॉइस नोट तर लेन्समध्येही शोधता येत नाही. तिथे एकच विचारावं, “काका, तुमचं त्यांच्याशी स्वतःचं बोलणं झालं का?” रागावतात, पण उत्तर मिळतं.

हे सगळं वेळेत करावं लागतं, कारण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली की ती खरी वाटू लागते. हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी 1977 मध्ये प्रयोगातून हे दाखवलं. चार ग्रुपवर एकच फॉरवर्ड आला, की चार साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तो एकच असतो, चारदा आलेला.

काही अफवा तर स्वतःला खरं करून घेतात. मे 2025 च्या त्या दिवसांत ‘एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार’ असा मेसेज फिरला आणि पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाला तो खोटा असल्याचं जाहीर करावं लागलं. एटीएम कुणी बंद करणार नव्हतं. पण असा मेसेज वाचून निम्मी सोसायटी खाली उतरून रांगेत उभी राहिली, तर तासा-दोन तासांत मशीन रिकामं होणारच. मग मेसेज पाठवणारा ग्रुपवर लिहायला मोकळा: “सांगितलं होतं ना?”