थाई हॉटेलाचं कार्ड कुणी लिहिलं?

बेंगळूरात एका आडरस्त्याला, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, सहा टेबलांचं थाई हॉटेल आहे. धाकटा भाऊ बेंगळूरातच नोकरीला. मागच्या दिवाळीनंतर आई आणि मी त्याच्याकडं गेलो होतो, तेव्हा त्यानं तिथं नेलं. आई बेळगावजवळच्या खानापूरकडची. परक्या जेवणाबद्दल तिची पद्धत ठरलेली : आधी वास, मग चमचाभर रस्सा, मग निकाल. हिरव्या करीचा वाडगा पुढं आला तसं तिनं नाक खाली नेलं आणि म्हणाली, "ह्यात गवती चहा हाय. चहात घालायचं ते कालवणात कशाला घातलंय रे?"

प्लास्टिकमध्ये दाबलेलं दोन बाजूंचं कार्ड. तोम यम सूप, सोम तम, हिरवी करी, लाल करी, मसमन करी, पॅड थाई, बेसिल चिकन, अननसाचा फ्राइड राइस आणि शेवटी आंब्याबरोबर चिकट भात. करी भातासकट तीनशेच्या आत. हेच कार्ड जवळजवळ ह्याच क्रमानं मी पुण्यात पाहिलंय, पणजीत पाहिलंय. बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला चायनीजच्या पानाखाली दोन ओळी 'थाई करी, रेड किंवा ग्रीन' अशा येतात, त्याही ह्याच कार्डातून फुटलेल्या. सगळीकडं तीच आठ-नऊ नावं का? कारण ते कार्ड त्या त्या मालकानं लिहिलेलंच नाही. थोडं जहाजांनी लिहिलं, थोडं एका लष्करशहानं आणि राहिलेलं बँकॉकच्या सरकारी कचेरीनं.

आधी जहाजं. त्याच्याही आधी सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात, काय शिजत होतं, ते आईच्या नाकानं बरोबर ओळखलं. गवती चहा हे तिथलं जुनं झाड. आपण पात चहात टाकतो, ते पात बाजूला ठेवून बुंध्याचा पांढरा भाग वाटणात घेतात. त्याच्या जोडीला आल्यासारखा दिसणारा कंद असतो, तो म्हणजे कुलिंजन. आपल्याकडं तो काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो आणि गवई मंडळी घशासाठी तोंडात धरतात. कोथिंबिरीची मुळंही वाटणात जातात, जी आपण निवडताना सरळ कचऱ्यात टाकतो. ह्याखेरीज भात आणि मासे. १६८७ मध्ये फ्रान्सच्या राजाचा वकील, म्हणजे राजदूत, सिमॉन द ला लूबेर हा सयामच्या तेव्हाच्या राजधानीत, अयुथ्थया दरबारी आला होता. सयामी लोकांचा रोजचा आहार भात आणि मासे हाच आहे, असं त्यानं लिहून ठेवलंय. (अयुथ्थया म्हणजे आपली अयोध्याच, नाव तिथवर गेलं आणि शरयू इथंच राहिली.) तिखटपणासाठी होती ती मिरी.

मिरची आली ती आमच्या शेजारून. नोव्हेंबर १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं गोवा घेतलं आणि लगेच पुढच्या ऑगस्टात मलायातलं मलाक्का बंदर. मलाक्केवर सयामचा राजा आपला हक्क सांगायचा. त्याची समजूत काढायला अल्बुकर्कनं दुआर्ते फर्नांडिस नावाचा माणूस अयुथ्थयेला धाडला. तिथं वकिलीला पोचलेला तो पहिला युरोपीय. १५१६ मध्ये करार झाला आणि पोर्तुगीजांना तिथं राहायची, व्यापार करायची मुभा मिळाली. अमेरिकेतली मिरची ह्याच पोर्तुगीज वाटेनं आशियाच्या बंदराबंदरांतून पसरली. गोव्याला उतरलेली घाट चढून आमच्याकडं आली. आज बेळगावच्या बाजारात रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी मागतात. संकेश्वर आमच्याच जिल्ह्यातलं आणि ब्याडगी हावेरीकडची, म्हणून ह्या मिरच्या इथल्या मातीतच जन्मल्या असं प्रत्येकाला वाटतं. थाई माणसालाही त्याच्या बारक्या जहाल मिरचीबद्दल अगदी तसंच वाटतं.

ह्या पाहुणीला नाव देताना सगळ्यांची सारखीच पंचाईत झाली. मराठीत आधी मिरी होती, तिच्यावरून मिरची. कानडीत मेणसु म्हणजे मिरी. तिच्यावरून मेणसिनकायी, आणि मग मूळच्या मिरीलाच काळुमेणसु म्हणून वेगळं काढावं लागलं. थाई लोकांनी तर घरच घालवलं. 'प्रिक' हा शब्द मिरीचा होता, तो मिरचीनं बळकावला. मिरीला आता 'प्रिक थाई' म्हणतात, म्हणजे 'आपली थाई वाली प्रिक'. बेळगावच्या बाजारात एकाच पोत्याजवळ मराठी आणि कानडी दोन्ही नावं ऐकत मोठं झालेल्या माणसाला हे वाचून हसू येतं.

कार्डावरचं सोम तम घ्या. कच्ची पपई, मिरची, टोमॅटो, शेंगदाणे हे सगळं अमेरिकेहून आलेलं. लसूण, लिंबू, ताडगूळ आणि माशाचं खारं पाणी तेवढं आशियाचं. आणि ह्या कोशिंबिरीला बँकॉकची म्हणायचंही कारण नाही. ती ईशान्येकडच्या इसान भागातली, लाओ बोलणाऱ्या लोकांची. ते पोट भरायला राजधानीत आले, टॅक्सी चालवल्या, इमारती बांधल्या आणि रस्त्याकडेला मातीच्या उखळात लाकडी मुसळानं पपई चेचत बसले. सीमेवरच्या गरिबांचं खाणं राजधानीनं आपलं म्हणून मिरवायचं, हा प्रकार तिकडचाच आहे असं नाही.

मसमनची गोष्ट निराळी. नावाचं मूळ 'मुसलमान' ह्या शब्दात आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणातल्या कूमचा शेख अहमद नावाचा व्यापारी अयुथ्थयेत आला आणि चढत चढत राजाच्या मर्जीतला मोठा अधिकारी झाला. पुढं थाई राजकारणात गाजलेलं बुन्नाग घराणं त्याच्याच वंशातलं. असल्या व्यापाऱ्यांबरोबर वेलदोडे, लवंग, दालचिनी, जिरं ही मंडळी नारळाच्या दुधात उतरली. १८०९ ते १८२४ मध्ये राज्य केलेल्या दुसऱ्या रामानं राजपुत्र असताना केलेल्या कवनात मसमनचं कौतुक आहे : जिऱ्याचा वास येणारी, जो खाईल तो बनवणारीचा ध्यास घेईल, अशा अर्थाचं. आमच्या टेबलावर आईनं मसमनला सगळ्यात जास्त मार्क दिले. ते साहजिकच होतं, कारण तो आपला खडा मसालाच.

बेसिल चिकनवर मात्र ती अडली. भावानं हौसेनं सांगितलं, की बँकॉकला ह्यात जी घालतात ती आपली तुळस. खोटं नाही ते. थाई 'कप्राव' ही आपल्या वृंदावनातलीच तुळस आणि 'होरपा' आपल्या सब्जाची बहीण. लसूण-मिरचीवर कोंबडीचा किंवा डुकराचा खिमा परतायचा, शेवटी मूठभर तुळस टाकायची आणि भातावर तळलेलं अंडं ठेवायचं, हे तिथलं रोजचं घाईचं जेवण. आईनं चमचा खाली ठेवला. "तुळस? कोंबडीत?" मालक जवळच उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण चेहरा कळला. आमच्याकडं ती पानं मिळत नाहीत, आम्ही दुसरीच घालतो, असं त्यानं हिंदीत सांगितलं तेव्हा जेवण पुढं सरकलं.

कढई, शेवया आणि सोया सॉस चिनी लोकांचं. दक्षिण चीनच्या तेओच्यू भागातून अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हजारो माणसं बँकॉकला आली आणि शहराचं रस्त्यावरचं खाणं बरंचसं त्यांनीच उभं केलं. तरीही थाई माणूस भात चिनी काड्यांनी (चॉपस्टिक्सनी) खात नाही. पूर्वी तो हातानं जेवायचा. चमचा-काटा एकोणिसाव्या शतकात दरबारातून खाली आला, आणि इसानात चिकट भात अजून बोटांनी गोळा करून खातात. बेंगळूरच्या त्या हॉटेलात काड्या मागणारं गिऱ्हाईक मी दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा आयटीवालं.

आता लष्करशहा. प्लेक फिबुनसोंगक्राम १९३८ च्या अखेरीस पंतप्रधान झाला. १९३९ मध्ये त्यानं देशाचं नाव सयामचं थायलंड केलं. १९३९ ते १९४२ मध्ये एकामागून एक बारा फर्मानं निघाली : झेंड्याला मान कसा द्यायचा, भाषा कुठली बोलायची, माल कुठला विकत घ्यायचा, अंगात काय घालायचं. बायाबापड्यांनाही टोप्या घालायला लावल्या आणि विडा खायला बंदी आली. (ही बंदी आमच्याकडं आली असती तर सरकार आठवडाभर टिकलं नसतं.) त्याच झपाट्यात, महायुद्धाच्या टंचाईत, सरकारनं लोकांना तांदळाच्या शेवया खायचा आग्रह धरला. तुकडा तांदूळ दळून शेवया पाडल्या की तेवढ्याच धान्यात जास्त पोटं भरतात, असा हिशेब. पण परतलेल्या शेवया तर चिनी, आणि फिबुनला चिनी वर्चस्व खुपत होतं. मग त्यात चिंच, ताडगूळ, शेंगदाण्याचा कूट, मोडाचे मूग, अंडं घातलं आणि नाव दिलं 'पॅड थाई', म्हणजे थाई तऱ्हेनं परतलेलं. ज्या पदार्थाच्या नावातच देशाचं नाव घालावं लागतं, त्याचं मूळ कुठलं आहे ते त्यावरूनच कळतं.

नावं बदलणं आम्हाला नवं नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारदरबारी बेळगावी झालं. पाट्या बदलल्या, इथल्या मिठाईतला कुंदा तोच राहिला. फिबुननं पाटीबरोबर ताटही बदललं आणि ते टिकलं, हे त्या गड्याचं मानायला पाहिजे. पॅड थाईचा घास घेऊन आई म्हणाली, "अळूच्या भाजीची चव हाय की ही." चिंच, गूळ, शेंगदाणे. बरोबरच होतं तिचं.

हे खाणं देशाबाहेर पडलं ते व्हिएतनाम युद्धात. अमेरिकेचे हवाई तळ थायलंडात होते, हजारो शिपाई तिथली चव घेऊन घरी गेले. १९६५ मध्ये अमेरिकेनं स्थलांतराचा कायदा सैल केला आणि थाई विद्यार्थी, नर्सा लॉस एंजेलिसला पोचल्या. तिथं मसाला मिळेना म्हणून साखर आणि नारळाचं दूध वाढलं. आपल्याकडं जी थाई करी गोडसर लागते, तिचा गोडवा तिथून फिरून आलाय.

सरकारी कचेरी शेवटी येते, पण कार्डावर शिक्का तिचाच. जुलै १९९७ मध्ये थायलंडचं चलन, बाट, कोसळलं आणि पुढची काही वर्षं बँकॉकला परदेशी चलनाची चिंता लागली. २००२ च्या सुमाराला 'ग्लोबल थाई' नावाची मोहीम निघाली. जगात तेव्हा साडेपाच हजारांच्या आसपास थाई हॉटेलं होती. ती २००३ पर्यंत आठ हजार करायची, असं ठरलं. हॉटेलांचे तीन नमुनेच आखले. महागडं 'गोल्डन लीफ', मधलं 'कूल बेसिल' आणि माणशी पाच ते पंधरा डॉलरांत भागवणारं 'एलिफंट जंप', म्हणजे हत्तीची उडी. कर्जं दिली, आचारी शिकवून तयार केले, चांगल्या हॉटेलांना 'थाई सिलेक्ट'चा शिक्का दिला. हिशेब साधा होता : एक हॉटेल उघडलं की ते वर्षानुवर्षं थायलंडचा तांदूळ, सॉस, वाटण विकत घेणार, आणि जेवून उठलेल्यांतला एखादा विमानाचं तिकीट काढणार.

बेंगळूरच्या त्या हॉटेलाला थाई सरकारनं दमडी दिलेली नाही. मालक मणिपूरचा, आचारी नेपाळचा. पण हात धुवायला जाताना मी स्वयंपाकघरात डोकावलो. फळीवर थाई अक्षरांचे तीन प्लास्टिकचे डबे होते : लाल वाटण, हिरवं वाटण, पिवळं वाटण. बाजूला नारळाच्या दुधाचे खोके. चिरलेली भाजी स्टीलच्या डब्यांत, कढई एकच. चमचाभर वाटण तेलावर परतायचं, दूध ओतायचं, भाजी टाकायची. पाच मिनिटांत करी आणि आचारी एकटाच. तीनशेच्या आतलं गणित तिथं बसतं. पाट्यावर वाटायला माणूस ठेवला असता तर त्या भावात जमलं नसतं. सरकारला जे हवं होतं ते पैसे न घालताच झालं.

भारतात थाई जेवण आधी पंचतारांकित होतं. १९९३ मध्ये मुंबईच्या कफ परेडला प्रेसिडेंट हॉटेलात 'थाई पॅव्हेलियन' सुरू झालं, तिथं आमच्यासारख्यांचं काय काम? आमच्या भागाला थायलंड कळला तो सिमेंट आणि खताच्या डीलर टूरांमुळं. टार्गेट पुरं केलं की कंपनी बँकॉक-पटायाला न्यायची. निपाणी, चिकोडी, खानापूरचे दुकानदार पिशवीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन गेले, पाच दिवस हॉटेलातलं पंजाबी जेवण जेवले आणि "तिकडचं खाणं आपल्याला झेपणार नाही" असं सांगत परत आले. त्यांचीच पोरं आज बेंगळूर-पुण्यात शनिवारी रात्री लाल करी मागवतात.

घरी आल्यावर आईनं परसातल्या गवती चहाचं एक झुबकं उपटलं. पात चहाला ठेवली, बुंधे उखळात घातले. भिजवलेली संकेश्वरी, लसूण, कोथिंबिरीची मुळं. माशाचं खारं पाणी नव्हतं म्हणून भाजलेला जवळा. गोव्याहून आलेल्या नारळाचं दूध काढून सगळं उकळलं. भावाला व्हिडिओवर दाखवलं, तर तो म्हणाला, "आई, हे थाई नव्हे."

"मग नसू दे की," आई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.