पार्श्वभूमी : हेडमास्तर कोण, हे शाळा उघडेपर्यंत का ठरत नाही

विदर्भातल्या खेड्यांतल्या अनुदानित हायस्कुलांत मुख्याध्यापक बदलण्याचे दिवस जणू ठरलेले आहेत : 31 मे आणि 30 जून. याचे कारण जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडते. आज निवृत्तीला आलेल्या पिढीचे नाव पहिलीत घातले तेव्हा घरी जन्माची नोंद क्वचितच असे. मास्तर अंदाजाने साल धरत आणि पुढे 1 जून किंवा 1 जुलै लिहून मोकळे होत. निवृत्तीचे वय 58; आणि एक तारखेचा जन्म असलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे 1 जूनवाला ऐन उन्हाळी सुट्टीत जातो, 1 जुलैवाला शाळा उघडता उघडता.

त्यात विदर्भाचे वेळापत्रक वेगळे. उन्हामुळे इथल्या शाळा उर्वरित राज्याच्या मागून सुरू होतात : 2022 मध्ये 27 जून, 2023 मध्ये 30 जून, 2024 मध्ये 1 जुलै, 2025 मध्ये 23 जून. 2023 ला 1 जुलैच्या जन्मतारखेच्या मुख्याध्यापकाने सत्राचा पहिला दिवस आणि नोकरीचा शेवटचा दिवस एकाच दिवशी काढला. 2024 ला तर 30 जून रविवार होता. निरोप शनिवारीच आटोपला आणि सोमवारी घंटा वाजली तेव्हा खुर्ची रिकामी होती. त्याच आठवड्यात पेरणीची घाई असते, निम्मी पोरे पऱ्हाटीच्या वावरात असतात, त्यामुळे खुर्ची रिकामी आहे हे गावाला लगेच जाणवत नाही. जाणवते ते पगाराच्या वेळी.

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळात मोजकी हायस्कुले होती, तीही तालुक्याला किंवा मोठ्या बाजारपेठेला. गावोगाव हायस्कूल आले ते शिक्षणसंस्थांमुळे, बहुतेक 1950 नंतर, गावाने दिलेल्या जागेवर. तेव्हा हेडमास्तर संस्थाचालक ठरवत आणि बदलतही. 1975 ला नव्या (10+2+3) आकृतिबंधाची पहिली दहावी झाली. पुढे अकरावी-बारावी जोडलेल्या शाळांत त्याच माणसाला ‘प्राचार्य’ म्हणू लागले, पण नियमाच्या भाषेत तो ‘शाळाप्रमुख’च आहे. पाटीवर काहीही लिहिले तरी नेमणुकीची रीत एकच.

ती रीत 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमाने आणि 1981 च्या नियमावलीने आली. दोन्ही लागू झाले 1981 च्या जुलैत. नियम 3 ची पात्रता साधी आहे : पदवी, बी.एड., आणि पदवीनंतर माध्यमिक शाळेत किमान 5 वर्षे पूर्णवेळ अध्यापन, त्यातली किमान 2 वर्षे बी.एड. नंतरची. या अटी पुरे करणाऱ्या आणि सेवेचा अभिलेख समाधानकारक असलेल्या शिक्षकांपैकी सर्वांत ज्येष्ठ तो मुख्याध्यापक. संस्थेच्या अनेक शाळा असतील तर ज्येष्ठता सगळ्या शाळांची मिळून धरतात. म्हणून साठ किलोमीटरवरच्या शाखेतला शिक्षक अचानक आपल्या गावचा हेडमास्तर होऊन येतो. अल्पसंख्याक संस्थांना यात वेगळी मोकळीक आहे. ज्येष्ठाला पद नको असेल तर त्याचा नकार लेखी आणि स्वेच्छेचा असावा लागतो, शिक्षणाधिकारी त्याची खातरजमा करतात. ‘घरगुती अडचण’ एवढे लिहून दिलेल्या नकारपत्रांतली अडचण खरोखर कोणाची होती, ते स्टाफरूमला माहीत असते.

सगळा घोळ ‘ज्येष्ठ’ या एका शब्दात आहे. माध्यमिक शिक्षकांची ज्येष्ठता शाळेत लागल्याच्या तारखेवरून लागत नाही. ती लागते त्याच नियमावलीच्या अनुसूची ‘फ’ वरून. त्यात शिक्षकांचे प्रवर्ग आहेत, शिडीच्या पायऱ्यांसारखे. प्रशिक्षित पदवीधर प्रवर्ग ‘क’ मध्ये येतो, आणि तिथे तो ज्या दिवशी आला त्या दिवसापासून त्याची त्या पायरीवरची ज्येष्ठता मोजतात. एम.ए. बी.एड. आणि बी.ए. बी.एड. एकाच पायरीवर, पदव्युत्तर पदवीने कोणी वर चढत नाही. हे स्टाफरूममध्ये दर दोन-तीन वर्षांनी नव्याने समजावून सांगावे लागते. प्रवर्गातली तारीख एकच असेल तर वयाने मोठा तो ज्येष्ठ.

आता एक उदाहरण मांडून बघावे. पाचवी ते सातवीच्या वर्गांवर एक शिक्षक 1996 ला डी.एड. म्हणून लागला, 2001 ला बी.ए. झाला, 2005 ला बी.एड. दुसरा 2003 ला थेट बी.एस्सी. बी.एड. म्हणून लागला. नेमणुकीची तारीख धरली तर पहिला सात वर्षांनी ज्येष्ठ. बी.एड. ची तारीख धरली तर तो ‘क’ मध्ये 2005 ला आला, म्हणजे दुसऱ्यापेक्षा दोन वर्षांनी कनिष्ठ. पण ‘क’ च्या वर्णनात पदवी अधिक ‘जुना दोन वर्षांचा’ डिप. टी. अभ्यासक्रम (शिक्षकी पदविका) असेही एक कलम आहे. नंतरची दोन वर्षांची डी.एड. त्यात बसते असे मानले, तर पहिला 2001 लाच ‘क’ मध्ये पोचतो आणि पुन्हा ज्येष्ठ होतो. दोन्ही बाजूंकडे खरी प्रमाणपत्रे असतात आणि दोघांकडे वकीलही असतो. या एका कलमावर प्रकरणे खालपासून वरपर्यंत गेली आहेत.

यात पात्रता आणि ज्येष्ठता या दोन गोष्टींची सरमिसळ होते. मुख्याध्यापक व्हायला बी.एड. लागतेच, याबद्दल फारसा वाद नाही. बी.एड. कधी केले यावरूनच ज्येष्ठता मोजायची का, हा वाद आहे. संस्थेने दरवर्षी यादी काढून, सगळ्यांना दाखवून, प्रत्येकाची सही घेतली आणि हरकती वेळीच शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवल्या, तर निम्मी भांडणे जन्मालाच येणार नाहीत. व्यवहारात यादी निघते ती पद रिकामे व्हायच्या महिनाभर आधी, आणि तिच्यातली एखादी तारीख पांढऱ्या शाईने दुरुस्त केलेली असते. डावललेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणात अपील करायला आदेश मिळाल्यापासून 30 दिवस असतात. ती मुदत नेमकी शाळा उघडण्याच्या धामधुमीत जाते.

वाद मिटेपर्यंत ‘प्रभारी’. हा शब्द सोय म्हणून आला आणि मुक्कामी राहिला. प्रभारीला स्वाक्षरीचे अधिकार ठरावीक मुदतीपुरते मिळतात, मग मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ. संस्थाचालकांना तो सोयीचा असतो, हे उघड आहे : ज्याची सही केव्हाही काढून घेता येते तो नाही म्हणत नाही. संस्थेतच दोन गट असले, पदाधिकारी बदलल्याचा ‘बदल अर्ज’ धर्मादाय कार्यालयात पडून असला, तर एकाच पदासाठी दोन सचिवांचे दोन ठराव जातात. मग शिक्षणाधिकारी कार्यालय शेड्यूल वनवर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर) नाव कोणाचे ते विचारते, आणि फाइल तिथेच थांबते. मुख्याध्यापकांच्या कक्षात कार्यकाळाची रंगवलेली पाटी असते. तिच्यावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’च्या मध्ये चार-चार वर्षांची फट दिसली तर ती या प्रभारींची समजावी. त्यांची नावे रंगवायची पद्धत नाही.

2012 नंतर मुख्याध्यापकाच्या सहीचे वजन वाढले. त्या वर्षी मे महिन्यात शिक्षक भरती थांबली, पुढे ती शासनाच्या ऑनलाइन पवित्र पोर्टलवरून होऊ लागली. मधल्या काळात स्टाफ म्हातारा होत गेला आणि दर दोन-तीन वर्षांनी निवृत्ती येऊ लागली. पगार शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीत गेला. तिथे मुख्याध्यापक हा पहिल्या पातळीचा आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे पगाराचे देयक काढणारा. त्याच्या लॉगिनमधून देयक पुढे गेल्याशिवाय वेतन पथकाच्या अधीक्षकाकडे काहीच पोचत नाही. 2025 ला नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण उघड झाले आणि त्यानंतर नेमणूक आदेश, रुजू अहवाल, मान्यता अशी कागदे पोर्टलवर चढवायला लावली गेली. तपासणी हवीच होती. पण तिच्यामुळे मुख्याध्यापकाच्या मान्यतेचा सरळ प्रस्तावही आता प्रत्येक टेबलावर जास्त दिवस थांबतो.

प्रस्तावात काय जाते ते बहुतेक बाबूंना पाठ आहे : संस्थेचा ठराव, सह्यांसह ज्येष्ठता यादी, सेवापुस्तकाची प्रत, बी.एड. ची गुणपत्रिका, पहिली मान्यता, मावळत्या मुख्याध्यापकाचा सेवानिवृत्ती आदेश, ज्येष्ठांची नकारपत्रे. परत येतो तो दोन गोष्टींवर : गुणपत्रिकेवरचे आणि सेवापुस्तकातले नाव जुळत नाही, किंवा ठरावाची तारीख पद रिकामे होण्याच्या नंतरची असते.

चार्ज देताना रजिस्टरे मोजून घेतात : जनरल रजिस्टर, कॅशबुक, जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंची नोंद), आवक-जावक, कोरी टीसी पुस्तके, सेवापुस्तके, शिक्के, चाव्या. अडते मात्र मोबाइलवर. यूडायस प्लस (शाळेच्या माहितीचे पोर्टल), दहावी-बारावीच्या मंडळाचे लॉगिन, शाळेच्या खात्याची बँक, सगळ्यांचे ओटीपी निवृत्त साहेबांच्या नंबरवर जातात, आणि साहेब लेकीकडे पुण्याला गेलेले असतात. नंबर बदलण्याचा अर्ज निवृत्तीच्या तारखेच्या आतच, जुन्या सहीने टाकावा. नंतर तो मान्यतेच्या पत्राशिवाय चालत नाही. पोषण आहाराचा तांदूळही चार्जच्या दिवशी वजन करून घ्यावा. सहावी ते आठवीला रोज डोईला 150 ग्रॅम या हिशेबाने साठा वहीत बरोबर दिसतो, पण सुट्टीभर पडलेल्या कट्ट्यांत सोंडे (धान्यातले किडे) झालेले असतात आणि वजन भरत नाही. ती तूट नव्या माणसाच्या नावावर चढते.

बाहेरगावच्या मुलींची मानव विकास कार्यक्रमाच्या मोफत बससाठीची यादीही मुख्याध्यापकाच्याच सहीने आगारात जाते. यादी उशिरा गेली तर पास उशिरा, आणि आठवीला नव्याने आलेल्या मुली पहिले पंधरा दिवस पायी येतात किंवा येतच नाहीत. याच मुली 30 सप्टेंबरच्या पटावर, आधार वैध होऊन, मोजल्या जायच्या असतात. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे (पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे) निकष कडक झाल्यापासून शिक्षक मे महिन्यातच दुचाकीवर गावोगाव फिरून टीसी गोळा करतात, कारण छोट्या शाळेत दहा-बारा मुले इकडची तिकडे झाली की एक पद जाते. मुख्याध्यापकाचे पदही पटावरच मंजूर होते.