बाहेरचा स्टिरिओ बॅटरी खातो? खुलासा

गाडीतला कंपनीचा स्टिरिओ काढून बाहेरचा बसवला की बॅटरी उतरते, असं यवतमाळकडच्या गावांत सर्रास ऐकू येतं. दोष बहुतेकदा जोडणीचा असतो. नव्या स्टिरिओची पिवळी वायर कायम 12 व्होल्टला असते; घड्याळ, स्टेशनं लक्षात ठेवायला तिला काही मिलीअँपियर, म्हणजे अगदी थोडा करंट पुरतो. लाल वायरीत मात्र चावी फिरवल्यावरच करंट यायला हवा. घाईत दोन्ही एकत्र पिळून चिकटपट्टी गुंडाळली, की चावी काढली तरी स्टिरिओला गाडी चालूच वाटते आणि तो बॅटरी खात राहतो. मग कापूस वेचणीच्या धामधुमीत गाडी आठवडाभर अंगणात उभी राहते, सेल्फ लागत नाही आणि खापर स्टिरिओवर फुटतं.

मूळ वायरिंग कापू देऊच नका, आपल्या गाडीच्या मॉडेलचा कपलर (वायर न कापता बसणारा जोड) मागा. चावी काढल्यावरही लाल वायरीवर 12 व्होल्टचा टेस्टर पेटला, तर जोडणी तिथंच दुरुस्त करून घ्या.